सपाटीवरचा एक ठिपका

केतकी निकमला समुद्राच्या तळाचं ऐकू येतं, असं ग्रेट निकोबारवरचे लोक गमतीनं म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं. बेटाच्या पश्चिमेला, जिथे समुद्र एकाएकी खोल होत जातो, तिथे तळावर एक लांबलचक केबल अंथरलेली होती. तिचं एक टोक टेकडीवरच्या केंद्रात येत होतं आणि त्या केंद्राची प्रमुख केतकी होती. सरकारी कागदांवर त्या यंत्रणेला भलंमोठं नाव होतं. बेटावर सगळे तिला 'कान' म्हणत. बाजारात कोणी भेटलं की विचारायचं, "मॅडम, आज कान काय म्हणतोय?"

"झोपलाय," केतकी सांगायची.

तिचं गाव शिवनगर. माजी सैनिकांची वस्ती. साताऱ्याकडच्या काही कुटुंबांना सरकारनं फार वर्षांपूर्वी जमिनी देऊन इथे आणून वसवलं, त्यांत केतकीचे आजोबा होते. तिचे वडील जगन्नाथ, म्हणजे आप्पा, पोरवयात बोटीतून इथे आले आणि नारळ-सुपारीच्या बागेत वाढले. बोली मात्र साताऱ्याची ती साताऱ्याचीच राहिली. दोन हजार चारच्या त्सुनामीत त्यांची पहिली बायको आणि लहानगा मुलगा दोघंही गेली. घर गेलं. घराखालची जमीनसुद्धा गेली, कारण त्या भूकंपात बेटाचा तो भाग माणसाच्या दुप्पट उंचीइतका खाली बसला आणि समुद्र कायमचा त्यावर येऊन राहिला. पुढे निर्वासितांच्या छावणीत आप्पांची गाठ एका बाईशी पडली. तिचाही संसार त्याच लाटेनं नेला होता. दोघांनी लग्न केलं आणि केतकी झाली.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. आप्पा सपाटीवरच्या नव्या घरात एकटेच राहायचे. गुडघे धरले होते. टेकडीवर माझ्या क्वार्टरमध्ये राहायला या, असं केतकी म्हणाली की म्हणायचे, "वर करमत न्हाई ग. आन् कोंबड्या कुणी बघायच्या?"

कानाचं तत्त्व अवघड नव्हतं. केबलमध्ये काचेचे केसासारखे धागे होते. एका टोकानं त्यांत प्रकाशाचे बारीक ठोके सोडले की धाग्याच्या प्रत्येक कणावरून थोडासा प्रकाश उलटा परत येतो. समुद्रतळ किंचित ताणला गेला तर केबलही ताणली जाते, आणि परत आलेल्या प्रकाशात फरक पडतो. म्हणजे ती शेकडो किलोमीटरची केबल नुसती केबल नव्हती, तर एकापुढे एक मांडलेली हजारो भूकंपमापकं होती.

आणि तिथे ऐकण्यासारखं बरंच होतं. भारताचा भूपट्टा या बेटांच्या पोटाखाली सरकतो आहे, आपली नखं वाढतात तेवढ्या गतीनं. पण तो सुखासुखी सरकत नाही. दोन पट्टे एकमेकांना घासतात तिथे अडकून बसतात. खालचा पट्टा तरीही पुढे रेटत राहतो आणि वरच्या पट्ट्याची कड आपल्याबरोबर खाली वाकवत नेतो. शेकडो वर्षं हे वाकणं चालतं. मग एक दिवस अडकलेली जागा सुटते, कड उसळून वर येते आणि तिच्यावरचा अख्खा समुद्र तळापासून उचलला जातो. ते उचललेलं पाणी पसरतं, तीच त्सुनामी. भर समुद्रात ती विमानाच्या वेगानं जाते, तरी होडीतल्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही. किनाऱ्याशी पाणी उथळ झालं की पुढची लाट मंदावते, मागचं पाणी येऊन तिच्यावर चढतं, आणि मग समुद्रच जमिनीवर चालून येतो.

केतकीनं शोधलं होतं ते या सगळ्याच्या आधीचं. सुटण्यापूर्वी कधीकधी त्या अडकलेल्या जागेची खालची बाजू हळूहळू, अजिबात हादरा न देता घसरायला लागते. दिवसचे दिवस. तिनं त्याला 'संथ सरक' असं नाव दिलं होतं. ही सरक कानाला ओळखता येईल अशी गणितं तिनं बसवली. फक्त एक गोष्ट तिला कधीच बसवता आली नाही. प्रत्येक संथ सरकेच्या शेवटी भूकंप होतोच असं नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत कान जागा झाला.

संथ सरक इतकी मोठी होती की पोर्ट ब्लेअरहून, दिल्लीहून फोन सुरू झाले. महिन्याभरात मोठा भूकंप होण्याची शक्यता तीनात एक, असं केतकीनं कळवलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या वस्त्या टेकडीवर हलवल्या गेल्या. पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. इशारा झाला की तो थरथरायचा, त्यातून बोलता यायचं, आणि कोण कुठे आहे ते केंद्राच्या पडद्यावर ठिपक्याच्या रूपात दिसायचं. ठिपके दिसावेत, हा आग्रह केतकीचाच होता. कोण खाली राहिलंय ते कळलं तर बचाव पथकाला अंदाजानं धावावं लागणार नाही.

आप्पांच्या हातात पट्टा तिनं स्वतः बांधला.

"हा असला की तुम्ही कुठे आहात ते मला वर बसून दिसेल."

"म्हंजे आता पळून जायाची सोय न्हाई," आप्पा म्हणाले आणि मनगट उलटसुलट करून बघत बसले.

महिना गेला. दुसराही निम्मा संपला. भूकंप झाला नाही. खाली बागांमध्ये नारळ पडून कुजले, बोटी उन्हात तडकल्या, शेडमध्ये मुलांना ताप येऊ लागले. पाण्याच्या टँकरपाशी भांडणं व्हायची आणि प्रत्येक भांडण शेवटी केतकीवर यायचं. एकदा शिवनगरचीच माणसं केंद्राच्या फाटकापाशी जमली. सगळ्यांत पुढे वसंतकाका फाळके होते, आप्पांचे शेजारी, आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी शालनकाकू. केतकीला काकांनी खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेलं.

"केतकी, तू हुशार हायेस, आम्हाला मान्य हाय," ते म्हणाले. "पर तुझा कान फुटलाय बघ. किती दिस असं पत्र्याखाली भाजून घ्यायचं?"

केतकी काही बोलणार तोच मागून आप्पा काठी टेकत पुढे आले.

"वसंता, मागल्या टायमाला आपल्याला सांगणारं कुणी न्हवतं. आता हाय, तर तिच्यावर खेकसतोस व्हय?"

वसंतकाका मागे सरले. माणसं पांगली.

त्या संध्याकाळी केतकी बापाच्या शेडमध्ये जेवायला गेली. आप्पांनी स्टोव्हवर पिठलं केलं होतं. जेवता जेवता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आप्पा, असं यंत्र तेव्हा असतं तर?"

"तर शेवंता वाचली असती. मधू वाचला असता."

पहिल्या बायकोचं आणि मुलाचं नाव त्यांनी तिच्यासमोर असं सरळ कधी घेतलं नव्हतं.

"आणि मी नसते," केतकी म्हणाली. हे वाक्य ती लहानपणापासून मनात घेऊन फिरत होती. कान बांधायला घेतला तेव्हाही ते तिच्याबरोबर होतं. आपण न पाहिलेल्या एका भावाला वाचवायचं यंत्र आपण बनवतो आहोत, आणि ते वेळेवर बनलं असतं तर आपण जन्मालाच आलो नसतो, हे तिनं आजवर कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

आप्पांनी तिच्या ताटात पिठलं वाढलं.

"हे बघ, त्येंच्यासाठी मी रडतो, ते खरं हाय. अजून रडतो. पर तू झालीस तवा मला परत भूक लागायला लागली. तुझ्या आईला बी. त्याच्या आधी आम्ही दोघं नुसतं गिळत होतो." मग म्हणाले, "तू त्येंच्या जागेवर न्हाईस, केतके. त्येंची जागा तशीच हाय. तुला निराळी जागा केली."

केतकी मान खाली घालून जेवत राहिली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला संथ सरक थांबली. केबलवरचा ताण एका जागी येऊन स्थिरावला आणि मग काहीच हालचाल दिसेना. गणितानं शक्यता इतकी खाली आणली की एरवीच्या कोणत्याही दिवसाइतकीच ती उरली. दिल्लीच्या समितीनं केतकीचं मत विचारलं. तिनं सगळे आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि कळवलं, की लोकांना घरी जाऊ द्यायला हरकत नाही. समितीनं तिचे आभार मानले, आणि एक नवा नियमही लावला. यापुढे यंत्रानं दिलेला दूरच्या किनाऱ्यांचा इशारा आपोआप जाणार नाही. केंद्रावरच्या शास्त्रज्ञानं स्वतः खात्री करून मंजुरी दिली तरच जाईल. एका खोट्या इशाऱ्यापायी बंदरं बंद ठेवणं परत कोणाला परवडणार नव्हतं.

"जाऊ का ग मग घरी?" आप्पांनी विचारलं.

"जा आप्पा. आता काही भीती नाही."

ते काठी टेकत गाडीत चढले. मांडीवर कोंबड्यांची पाटी घेतली होती.

भूकंप त्यानंतर दोन आठवड्यांनी झाला, भर दुपारी. जे संथ सरकत होतं ते मोकळं झालं नव्हतं. ते सरकत सरकत जिथे येऊन थांबलं, तिथे त्यानं आपला सगळा भार अडकलेल्या जागेवर टाकला होता. हे पुढे कळलं. पुढे कळलेल्या गोष्टी पाठ्यपुस्तकात जातात.

केतकी केंद्रात एकटीच होती. तिचा जोडीदार इतक्या दिवसांच्या जागरणानंतर रजेवर गेला होता. आधी कानानं किंचाळावं तसा भोंगा वाजला आणि काही क्षणांत जमीन हलू लागली. ती टेबलाखाली शिरली. कपाटं पडली, खिडक्यांच्या काचा आत आल्या. हादरे संपता संपेनात. ते जरा ओसरल्यावर ती रांगत पडद्यापाशी आली.

पडद्यावर बेटाच्या पश्चिमेची भेग उत्तरेकडे धावत होती. कापड फाडायला घेतल्यावर जसं ते फाटत पुढे जातं, तशी. ती कुठे थांबते यावर सगळं अवलंबून होतं. ग्रेट निकोबारपाशीच थांबली, तर लाट इथल्या बेटांपुरती. तशीच वर अंदमानपर्यंत गेली, तर कार निकोबार, पोर्ट ब्लेअर, आणि समुद्रापलीकडे तामिळनाडू, श्रीलंका. फाटायला अजून काही मिनिटं लागणार होती. तोवर खात्री करता येत नव्हती. आणि मंजुरी देणारी ती एकटी होती.

गावांचे भोंगे आपोआप वाजले होते. पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात शिवनगरचे ठिपके टेकडीच्या दिशेनं सरकू लागले. दोन महिन्यांच्या छावणीनं एवढं तरी केलं होतं, प्रत्येकाला वाट पाठ होती. ठिपके शाळेच्या उंचवट्यापाशी दाटून जमत होते.

सपाटीवर तीन ठिपके उरले होते. मग त्यांतले दोन निघाले आणि घाईघाईनं वर जाऊ लागले. एक तिथेच राहिला. केतकीनं त्यावर बोट ठेवलं. नाव उमटलं, जगन्नाथ निकम.

तिनं पट्ट्यावर फोन लावला.

"आप्पा! कुठे आहात?"

"वर आलोया ग," आप्पांचा आवाज आला. थोडा दमलेला. "शाळंच्या पायऱ्यावर बसलोय. समदी हायेत हितं."

केतकीची नजर ठिपक्यावर होती. तो घराच्या पडवीत होता. आप्पांच्या आवाजामागे माणसांचा गलका नव्हता. एक कोंबडी तेवढी घाबरून ओरडत होती.

गाडीची किल्ली तिच्या हातात कधी आली ते तिला कळलं नाही. खाली जायचा रस्ता फुटला नसेल तर ती लाटेच्या आधी पोचली असती. कदाचित. परत वर येणं बहुधा झालं नसतं. पडद्यावर भेग अजून उत्तरेला फाटत चालली होती, आणि खाली मंजुरीचा चौकोन उघडझाप करत होता.

"कशानं आलात?" तिनं विचारलं.

"वसंताच्या गाडीतनं. त्यानं न् शालननं हाताला धरून बसवलं."

"लागलं नाही ना कुठे?"

"मला काय लागतंय." ते थांबले. श्वास आत ओढल्याचा आवाज आला, दुखताना माणूस ओढतो तसा. "तू कुठं हायेस?"

"केंद्रात."

"मग तिथनं हलू नगंस. तुझं काम हाय न्हवं आत्ता?"

"आहे."

"लई माणसांचं काम हाय ते?"

केतकीनं पडद्याकडे पाहिलं. "खूप."

"मग कर की. माझ्याकडं कशाला ध्यान देतीस? मी हाय हितं सुखरूप."

तिला म्हणायचं होतं, आप्पा, मला दिसतंय. तिनं तोंड उघडलं. मग तिला वाटलं, आपण हे म्हटलं तर त्यांच्याकडे उरलेल्या वेळात एकच विचार राहील, पोरगी खाली यायला निघाली का. तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

"बरं आप्पा," ती म्हणाली. आवाज जमेल तेवढा रोजचा ठेवला. "तिथेच बसून राहा. मी सांगेपर्यंत खाली उतरायचं नाही."

"न्हाई उतरत."

"सावलीत बसलात ना?"

"सावलीतच हाय. वारं बी चांगलं लागतंय." मग हळूच म्हणाले, "केतके, समुद्र लई मागं गेलाय ग. खडक उघडे पडल्यात."

शाळेच्या पायऱ्यांवरून समुद्र दिसत नाही. मधे झाडी आहे.

"हो," केतकी म्हणाली. "तसाच जातो आधी."

"बरं, ठिव आता. कामाच्या टायमाला बोलत बसू नये."

"ठेवते."

पण तिनं फोन बंद केला नाही, आणि त्यांनीही केला नाही. कोंबडीचा आवाज येत राहिला. आप्पा तिला चुचकारत होते. भेग कार निकोबारच्या पलीकडे गेली. केतकीनं किनाऱ्याकिनाऱ्याचे आकडे तपासले, एक ओळ दुरुस्त केली, आणि मंजुरी दिली. दूर कुठे कुठे भोंगे वाजू लागले. त्या दिवशी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर लाट आली तेव्हा वाळूवर माणूस नव्हता. पोर्ट ब्लेअरमध्ये रुग्णालयाचे खालचे मजले वेळेत रिकामे झाले. वर्तमानपत्रांनी वाचलेल्या माणसांचा आकडा लाखांत दिला.

फोनमधून एक आवाज आला. लांबून खडीची गाडी ओतावी तसा. मग आवाज बंद झाला. पडद्यावरचा ठिपका लगेच गेला नाही. तो थोडासा सरकला, आतल्या बाजूला, बागेच्या दिशेनं. त्यानंतर विझला.

बऱ्याच दिवसांनी केतकीच्या मनात आलं, पट्टा बांधताना आपण आप्पांना ठिपक्याचं सांगितलं होतं. ते विसरले असतील का? की आपल्याला दिसतंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी तसंच सांगितलं, मुलगी काय उत्तर देईल याचा भरवसा होता म्हणून? तिनं दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. कोणतीही बाजू धरली तरी तिला तितकंच रडू येत होतं.

आप्पा सापडले नाहीत. सपाटीवर आता समुद्र होता. बेट पुन्हा बसलं होतं. भरतीला नारळांच्या नुसत्या शेंड्या पाण्याबाहेर राहायच्या.

दिल्लीहून चौकशीसाठी माणसं आली. सभ्य माणसं होती. लोकांना घरी पाठवण्याचा निर्णय उपलब्ध माहितीवर योग्यच होता, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि दूरच्या इशाऱ्याबद्दल तिचं कौतुक केलं. केतकी मान हलवत राहिली. ती माणसं परत गेली त्याच दिवशी ती शाळेतल्या छावणीत आली. सगळी छावणी तिच्या ओळखीची होती, तरी कोणाच्या नजरेला नजर द्यायचं तिला धाडस होईना.

वसंतकाका शाळेच्या भिंतीला टेकून बसले होते. या दिवसांत ते एकदम म्हातारे दिसू लागले होते. शालनकाकूंनी केतकीला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. केतकी त्यांच्यापाशी जमिनीवर बसली.

"पोरी, आम्ही गेलतो ग त्याच्याकडं," वसंतकाका म्हणाले. "पडवीची तुळई मांडीवर पडलेली. आम्ही दोघांनी लई जोर लावला. हलंना. शालन पहार आणायला धावली, तर तो वरडला. म्हनला, पहार नगं न् काय नगं. माझी केतकी गाडी घेऊन निघालीया, माणसं घेऊन येतीया. आत्ताच फोन आला. तुम्ही फुडं व्हा, वाट अडवू नगा."

शालनकाकू मध्येच म्हणाल्या, "मी म्हनलं, ती येईस्तोवर थांबतो. तर शिव्या द्यायला लागला ग. कधी शिवी दिली न्हाई मला आजवर."

वसंतकाका पुढे सरकून बसले. "म्हनून आम्ही निघालो. तू येतीयास म्हनून. न्हाईतर सोडून आलो नसतो, आईच्यान सांगतो. रोज रातच्याला ही मला इचारती, आपण बरं केलं का वो. मी तिला काय सांगू?" त्यांनी पहिल्यांदाच केतकीच्या तोंडाकडे पाहिलं. "तू निघाली व्हतीस न्हवं?"

केतकीनं फोन लावला होता तो हे दोघं तिथून निघाल्यानंतर. शाळेच्या पटांगणात बायका पाण्यासाठी रांग लावत होत्या. कोणीतरी हंडा आपटला. त्या दोन म्हाताऱ्या चेहऱ्यांवरून केतकीला नजर हटवता येईना. आपण नाही म्हणालो, तर हे दोघं उरलेलं आयुष्य त्या तुळईशी झटत काढतील, हे तिला कळत होतं. आणि हो म्हणालो, तर गावभर बोललं जाईल, की पोरगी निघाली पण बापापर्यंत पोचली नाही. वाटेतून भिऊन परत फिरली.

तिनं वसंतकाकांचा हात आपल्या हातात घेतला.

"हो काका," ती म्हणाली. "निघाले होते. मलाच पोचता आलं नाही."

शालनकाकूंनी तिला जवळ ओढलं. वसंतकाकांनी डोळे मिटले, आणि किती दिवसांचा अडकलेला श्वास त्यांनी हळूहळू सोडला.